तबकडीवर जे ऐकलंस, तेच लिही

पत्र असं आहे :

'आदरणीय काकू, मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि संगीतात पीएच.डी. करते आहे. ख्यालाच्या बंदिशींवरून बेतलेली नाट्यपदं आणि त्यातलं भास्करबुवा बखल्यांचं काम, असा विषय आहे. प्रबंध मराठीत. तिसऱ्या प्रकरणात चाळीसेक ध्वनिमुद्रणांचे दाखले दिले होते, बहुतेक यूट्यूबच्या लिंका. गाईडांनी प्रकरण परत केलं. "गाणं हा काय संदर्भ झाला? छापील पुस्तक दाखवा," म्हणाले. आमच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. तीत ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत आणि आमच्या घरी झालेल्या बैठकींच्या कॅसेटीही. त्यांचा दाखला देता येतो का? "नाथ हा माझा" मला तीन ठिकाणी मिळालं : ट्रंकेतली तबकडी, एक एलपी आणि यूट्यूब. यातलं लिहायचं कोणतं? वर्ष कोणतं घालायचं? सप्टेंबरात प्रबंध द्यायचा आहे आणि माझी झोप उडाली आहे.'

अगं, आधी झोप घे. चाळीस दाखले नीट लिहून काढणं हे पंधरा दिवसांचं काम आहे. तुझं ऐकणं खरं असेल तर लिहिणं अवघड नाही.

तुझ्या गाईडांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. नुसती लिंक म्हणजे संदर्भ नव्हे. ती आज उघडते, उद्या उघडत नाही, आणि उघडली तरी गातंय कोण, कधीचं, कुठल्या तबकडीवरून घेतलंय, यातलं काहीच ती सांगत नाही. पण गाण्याचा संदर्भ होत नाही हे मला मुळीच मान्य नाही, आणि तुझ्या विषयात तर नाहीच नाही. भास्करबुवांचंच बघ. १८६९ साली आपल्या बडोदे संस्थानातल्या कठोर गावी जन्मले, बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांकडे तालीम घेतली, १९१६ साली खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकाची पदं स्वरबद्ध केली ('नाथ हा माझा' त्यातलंच) आणि १९२२ साली गेले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातली एकही तबकडी आपल्या हाती नाही. त्यांनी बंदिशीचं पद कसं केलं, ते ऐकायचं कुठे? दुसऱ्यांच्या गळ्यात, प्रामुख्याने बालगंधर्वांच्या तबकड्यांत. खाडिलकरांच्या छापील नाटकात शब्द सापडतील, फार तर डोक्यावर राग आणि मूळ चीज दिलेली असेल. 'नाथ' हा शब्द कुठल्या सुरावर विसावतो, ते त्या कागदावर नाही. ध्वनिमुद्रण संदर्भसूचीतून काढून टाकलंस तर बुवांच्या कामाचा पुरावाच उरत नाही. गाईडांना हे शांतपणे, हातात तबकडी घेऊन सांग. ऐकतील ते.

स्वरलिपी दाखव असं कुणी म्हणेल, तर तीही दाखव. आपल्या गावाला तिचं वावडं नाही. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढली, तिथे मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी शिकवली. १९१६ साली, 'स्वयंवर' आलं त्याच वर्षी, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली, भातखंड्यांच्या पुढाकाराने. पण स्वरलिपीचा पुरावा वेगळ्या जातीचा. कुणीतरी ऐकलं, आपल्या समजुतीने लिहिलं, मग छापलं. तिचा दाखला पुस्तकाचा म्हणून द्यायचा, पान क्रमांकासकट. तबकडीवर ऐकलेली जागा स्वरलिपीच्या पुस्तकाच्या नावावर खपवायची नाही आणि पुस्तकातली जागा गायकाच्या नावावर नाही. प्रबंधांतून ही सरमिसळ फार होते.

आता तुझा मुख्य प्रश्न, तिन्हींपैकी कोणतं. तू ज्यावरून ऐकून लिहिलंस, ते. मी एवढं एकच धरून बसते आणि बाकी सगळं त्यातून निघतं. वाचणाऱ्याला तू ऐकलास तोच आवाज पुन्हा काढून ऐकता यावा आणि तुझं म्हणणं पडताळता यावं, यासाठी संदर्भ असतो. तू यूट्यूबवर ऐकलंस आणि सूचीत ट्रंकेतली तबकडी लिहिलीस, तर ते दिसायला भारदस्त दिसेल, पण खोटं असेल. एलपीवर जुन्या तबकड्या पुन्हा काढताना दोन बाजू जोडल्या जातात, खरखर काढताना आवाजाचा पोत बदलतो, कुठे शेवटचा आलाप मध्येच विरतो. तीन ठिकाणचं 'एकच' गाणं बारकाईने ऐकलं तर तंतोतंत एक नसतं.

म्हणून माझा आग्रह असा की जे दाखले तुझ्या युक्तिवादाचा कणा आहेत, ते शक्य तिथे मूळ तबकडीवरून पुन्हा ऐक. ट्रंक घरात आहे, हे केवढं भाग्य! आणि ती तबकडी वाचायलाही शीक. सकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीशी जा, कडेला धरून तबकडी डोळ्यांसमोर आडवी कर. लेबलावर कंपनीचं नाव, गायकाचं नाव, पदाचे पहिले शब्द, कधी राग, कधी नाटकाचं नाव आणि एक क्रमांक असतो. तो विक्रीचा, यादीतला क्रमांक. आता लेबल आणि शेवटची रेघ यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीकडे बघ. तिथे उमटवलेले किंवा कोरलेले बारीक आकडे-अक्षरं दिसतील. तो मेट्रिक्स नंबर. गाणं मुद्रित झालं त्या वेळचा तो जन्मदाखला आहे. लेबल बदलतं, यादीतला क्रमांक बदलतो, तेच गाणं दहा वर्षांनी दुसऱ्या रंगाच्या लेबलाखाली येतं, पण मुद्रण तेच असेल तर मेट्रिक्स तोच राहतो. उलट, एकाच गायकाने तेच पद पुन्हा मुद्रित केलं असेल, तर लेबलं सारखी दिसली तरी मेट्रिक्स वेगळा असतो. दोन्ही बाजूंचे दोन वेगळे नंबर, दोन्ही उतरून घे. आकडे धुळीने बुजले असतील तर मऊ सुती फडकं किंचित ओलं करून पूस. स्पिरिट चुकूनही लावू नकोस. ७८ची तबकडी लाखेची असते, स्पिरिटने लाख विरघळते आणि गाणं फडक्याला लागतं.

फार जुनी तबकडी निघाली तर शेवटच्या काही सेकंदांकडे कान दे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गाईसबर्ग कलकत्त्याला मुद्रण करायला आला, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या माणसाला नाव कळावं म्हणून गायिका शेवटी स्वतःचं नाव उच्चारत. गौहरजानचं 'माय नेम इज गौहरजान' सगळ्यांना ठाऊक आहे. असा उच्चार सापडला तर तोही संदर्भात नोंदव. लेबल झिजून गेलेल्या तबकडीवर तोच एक साक्षीदार उरतो.

आणि लेबल म्हणजे देववाणी नव्हे, हे मनात पक्कं असू दे. १९४९च्या 'महल' चित्रपटातल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. आवाज आपल्या इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकरांचा. अशा वेळी लेबलावर काय छापलंय ते जसंच्या तसं दे आणि गायिका कोण ते शेजारी चौकटी कंसात लिही. लेबल गुपचूप दुरुस्त करू नकोस. वाचणाऱ्याच्या हाती ती तबकडी आली तर त्याला 'कामिनी'च दिसणार आहे.

वर्षाचा घोळ तुझ्या एकटीचा नाही. एका पदाला निदान चार वर्षं असतात. चाल झाली ते, मुद्रण झालं ते, बाजारात आलं ते आणि कुणीतरी इंटरनेटवर चढवलं ते. 'नाथ हा माझा'चा रंगमंचावरचा जन्म १९१६चा, तबकडी नंतरची, एलपी त्याच्याही कितीतरी नंतरची. प्रबंधासाठी मुद्रणाचं वर्ष सगळ्यांत मोलाचं, कारण तो आवाज त्या वर्षीचा आहे. त्याच्यासोबत ऐकलेल्या प्रतीचं वर्ष द्यायचं. गाणी ऐकवणारी मोबाईलची अ‍ॅपं जे वर्ष दाखवतात ते बहुतेकदा डिजिटल प्रत निघाली तेव्हाचं असतं. फैयाज खाँसाहेब १९५० साली बडोद्यात वारले. त्यांच्या नावापुढे २०१४ आलं, की ज्याला इतिहास माहीत नाही असा विद्यार्थी ते गाणं त्या वर्षीचं समजतो आणि पुढे तोही तसंच लिहितो. मुद्रणाचं वर्ष मिळालंच नाही तर 'वर्ष नोंदलेलं नाही' असं सरळ लिही. अंदाज बांधायला आधार असेल तर 'सुमारे' लिहून आधार सांग. जुन्या तबकड्यांच्या छापील याद्या आहेत, मायकेल किनियरने पहिल्या भारतीय मुद्रणांच्या बारीक सूची केल्या आहेत, मुंबईत रेकॉर्ड जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. मेट्रिक्स नंबर हातात असेल तर अशा सूचींतून वर्ष सापडतं. तो उतरून घे म्हणाले, ते यासाठीच.

आता नावं. इथे मी विस्ताराने लिहिते, कारण माझा जीव इथे अडकला आहे.

तुझ्या एका पदात निदान तीन माणसं आहेत : शब्द खाडिलकरांचे, चाल भास्करबुवांची, गळा बालगंधर्वांचा. संदर्भ लिहिण्याच्या इंग्रजी पद्धतींतही पहिलं नाव कुणाचं यावर एकमत नाही. एपीए पद्धतीत पाश्चात्त्य शास्त्रीय रचनेला रचनाकाराचं नाव आधी येतं आणि बाकी गाण्यांना गाणाऱ्याचं. एमएलए आणि शिकागो यांत तुझा भर कुणावर आहे त्याप्रमाणे ठरवायला मोकळीक आहे. आपल्या ख्यालाला मी गायकाचंच नाव आधी देईन. सदारंगांची चीज असली तरी त्या वीस मिनिटांत जे उभं राहतं ते गाणाऱ्याने तिथल्या तिथे रचलेलं असतं. नाट्यपदाचं तसं नाही. तुझं प्रकरण भास्करबुवांच्या चालीवर आहे, तर तिथे बुवांचं नाव पुढे घे. बालगंधर्वांच्या लगावाबद्दल लिहितेस तिथे बालगंधर्व. मात्र तिन्ही नावं प्रत्येक नोंदीत आली पाहिजेत, क्रम काहीही असो.

बंदिशीचा कर्ता लेबलावर जवळजवळ कधीच नसतो. तो अंतऱ्यात असतो, मुद्रेच्या, म्हणजे शब्दांत गुंफलेल्या टोपणनावाच्या, रूपाने. फैयाज खाँसाहेबांच्या स्वतःच्या रचनांत 'प्रेमपिया' येतं. 'सदारंग' म्हणजे नियामत खाँ, १८व्या शतकातल्या महंमदशाह रंगील्याच्या दरबारचे बीनकार. 'महंमदशा सदारंगीले' असं जोडून ऐकलं की काही मुलं महंमदशाहाला कर्ता करून मोकळी होतात. तो आश्रयदाता. मुद्रा ऐकू आली तर ती नोंदव आणि 'मुद्रेवरून' असं लिही, कारण मुद्रा घालून दुसऱ्याने केलेल्या चिजाही आहेत.

आडनाव आधी लिहायची पद्धत इथे मला साफ नामंजूर आहे. 'खाँ, फैयाज', 'खाँ, अब्दुल करीम', 'खाँ, अमीर', सगळे उस्ताद 'ख'च्या खाली एका रांगेत उभे केले की सूची वाचणाऱ्याला कुणीच सापडत नाही. फैयाज खाँ 'फ'मध्ये, अमीर खाँ 'अ'मध्ये. बालगंधर्व 'ब'मध्ये, 'राजहंस, नारायण' असं करून नव्हे. हिराबाई बडोदेकरांनी तर आपल्या गावाचंच नाव लावलं. त्यांना 'बडोदेकर'खाली घातलंस तरी कुणी हरवणार नाही. विद्यापीठाचा नियम आडवा आला तर सूचीच्या सुरुवातीला दोन ओळींत तुझी पद्धत सांगून टाक. सांगितलेली पद्धत शेवटपर्यंत पाळली, की परीक्षक सहसा हरकत घेत नाहीत. आणि सूचीत 'उस्ताद', 'पंडित', 'विदुषी' काढ. मजकुरात खुशाल ठेव.

साथीदारांबद्दल माझीच एक गोष्ट सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकात जुन्या ठुमरीच्या तबकडीवर लेख लिहिला होता. गायिकेवर पानभर, सारंगीवर दोन ओळी : 'सारंगीची साथ अप्रतिम आहे.' लेबलावर सारंगियाचं नाव नव्हतं, मीही शोधलं नाही. फाल्गुनात एक बाई विचारत विचारत घरी आल्या. पदर सारखा करून बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली तीच तबकडी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, 'ही सारंगी माझ्या वडिलांची. तुम्ही ती अप्रतिम म्हणालात, म्हणून आले. नाव तेवढं राहिलं.' रागावल्या नव्हत्या, त्यामुळे मला जास्त लागलं. त्यांच्याकडे कागद काही नव्हता, कंपनीची पावती नाही, फोटो नाही. फक्त घरातलं सांगणं, आणि वडील रियाजात घेत ती एक मींड, जी त्यांनी मला गुणगुणून दाखवली. ती त्या तबकडीवर होती.

त्या दिवसापासून मी साथीदारांची नावं शोधते. तूही शोध, पण ओढूनताणून चिकटवू नकोस. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान तिरखवाँ तबल्याला होते, कादरबक्ष सारंगीला होते, हे खरं. म्हणून बालगंधर्वांच्या प्रत्येक तबकडीवर तेच वाजवतायत असं लिहायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. लेबलावर किंवा विश्वसनीय सूचीत नाव असेल तर द्यायचं. नसेल तर 'तबला, सारंगी : नावं लेबलावर नाहीत' एवढं तरी लिहायचं, म्हणजे तिथे माणूस होता हे कळतं. आणि घरच्यांकडून कळलं असेल, तर 'कुटुंबीयांशी प्रत्यक्ष बोलणं', तारीख, गाव, असा मुलाखतीचा संदर्भ करून द्यायचा. तोंडी माहिती संशोधनात चालते, ती तोंडी आहे हे सांगितलं की.

ट्रंकेतल्या तबकडीची नोंद साधारण अशी होईल. भास्करबुवा बखले (संगीत), 'नाथ हा माझा', संगीत स्वयंवर, पद कृ. प्र. खाडिलकर, मूळ प्रयोग १९१६, गायन बालगंधर्व. मग ७८ गतीची तबकडी, कंपनी, लेबलाचा क्रमांक, मेट्रिक्स, मुद्रणाचं वर्ष. शेवटी 'खासगी संग्रह, वडोदरा'. लांब वाटली तरी वाटू दे. ही सगळी ध्वनिमुद्रणं पुस्तकांच्या यादीत मिसळू नकोस, वेगळी 'ध्वनिमुद्रण-सूची' कर. शिकागो पद्धतीत अशी वेगळी सूची रुळलेली आहे आणि तुझ्या गाईडांचं समाधानही तिने होईल.

मजकुरात नेमकी जागा दाखवताना मिनिट-सेकंद दे. एमएलए तेच सांगते. पण आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. तबकडीवरून उतरवलेल्या प्रत्येक प्रतीत सुरुवातीची खरखर कमीजास्त असते, त्यामुळे तुझं १:४२ दुसऱ्याच्या प्रतीत १:४७ होतं. म्हणून सोबत शब्दाची खूण दे : अंतऱ्याची दुसरी ओळ, 'मोही'वरची तान, समेआधीची तिहाई. पान क्रमांकाचं काम आपल्याकडे शब्द करतात.

आणखी दोन सापळे आहेत, पहिला गतीचा. तबकडी किंवा कॅसेट जराशी जोरात फिरली तर सूर चढतो. सहा टक्क्यांनी गती वाढली की पूर्ण एक पट्टी वर, काळी एकची पांढरी दोन. उतरवणाऱ्याने कोणत्या गतीने उतरवलं ते आपल्याला ठाऊक नसतं. तेव्हा 'गायक काळी चारमध्ये गातात' असं विधान यूट्यूबच्या प्रतीवरून करू नकोस. करायचंच तर कुठल्या प्रतीवरून, कुठल्या यंत्रावर, ते लिही. दुसरा सापळा लांबीचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावतात. नाटकात तेच पद वन्समोअर घेत घेत वाट्टेल तेवढं लांबत असे. तबकडी ऐकून 'बालगंधर्व अंतरा थोडक्यात उरकतात' असं लिहायचा मोह तुला होईल. ते उरकत नव्हते गं, मुद्रणाच्या तबकडीवरचं मेण संपत होतं. तबकडीवरून तबकडीबद्दल बोल. रंगमंचाबद्दल बोलायचं तर प्रेक्षकांच्या आठवणी, परीक्षणं, पत्रं शोध.

यूट्यूब सर्वस्वी टाकाऊ म्हणत नाही मी. कितीतरी रेडिओवरची मुद्रणं फक्त तिथेच मिळतात, कुणीतरी प्रेमाने चढवलेली. तिथलं असेल तर तिथलंच म्हणून लिही : गायक, चीज, राग, ध्वनिफीत चढवणाऱ्याचं खात्याचं नाव, चढवल्याची तारीख, तू ऐकल्याची तारीख, लिंक. चढवणारा हा गायक नव्हे आणि त्याने दिलेलं शीर्षक हा पुरावा नव्हे. रागाचं नाव आपल्या कानाने तपास. गीतरामायण हे मराठी माणसाला सगळ्यांत ओळखीचं उदाहरण. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर ५६ गीतं झाली, ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली. पुढे रेकॉर्डवर आणि कार्यक्रमांत घरोघर पोचलं ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात. 'गीतरामायण, १९५५' असं लिहून फडक्यांच्या रेकॉर्डवरच्या हरकतीबद्दल लिहिलं, तर आवाज एका वर्षाचा आणि तारीख दुसऱ्याच मुद्रणाची होते.

आजोबांच्या कॅसेटींचा दाखला नक्की देता येतो. 'अप्रकाशित ध्वनिमुद्रण' म्हणून : कोण गायलं, साथ कुणाची, तारीख, कुणाच्या घरी, कॅसेटची बाजू, संग्रह कुणाचा. आजोबांनी वेष्टनावर लिहिलेला मजकूर अक्षरशः उतरव, खाडाखोडीसकट, आणि मुद्रण करणारे म्हणून आजोबांचं नाव घाल. तेही काम त्यांनीच केलंय. फक्त एक गोष्ट आधी कर. गायक हयात असतील तर त्यांना, नसतील तर घरच्यांना विचार. घरगुती बैठकीत कलाकार मोकळेपणी गातात, बोलतात, कधी दुसऱ्या घराण्याबद्दल तिखट बोलून जातात. ते बाहेर जाईल असं त्यांना वाटलेलं नसतं. कायद्यानेही कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. संशोधनात उल्लेख करणं आणि चार ओळींची चिकित्सा करणं याला अडचण नाही. कॅसेट जशीच्या तशी जगाला वाटणं वेगळं.

शब्द उद्धृत करण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण लागेलच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची पदं मोकळी झाली. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत नाही. चिकित्सेसाठी ओळी घेता येतात. अख्खं गीत परिशिष्टात छापायचं तर परवानगी काढ.

आता कामाला लाग, आणि सुरुवात कॅसेटींपासून कर. तबकड्या इतकी वर्षं टिकल्या, आणखी दोन महिने टिकतील. फीत तेवढा दम धरत नाही. १२० मिनिटांच्या कॅसेटी असतील तर त्या आधी, त्यांची फीत फार पातळ असते. एकदाच वाजव आणि वाजवतानाच उतरवून घे. ७८च्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नकोस, रेघ रुंद असते, तिला तिची जाड सुई लागते. ती माझ्याकडे आहे, यंत्रही आहे. सदराच्या पत्त्यावर कळव आणि कुठल्याही शनिवारी दुपारी ये. 'नाथ हा माझा' तेवढी आण, पिशवीत उभी ठेवून, आडवी नको, आणि रिक्षात मांडीवर धर.